हांडव्याच्या कुकरात गाजराचा केक

भोगीच्या भाजीला गाजरं लागतात मूठभर आणि बाजारातून येतात दोन किलो, हे ताईच्या घरी दरवर्षीचं आहे. बडोद्यात जानेवारीत लाल देशी गाजर इतकं उतरतं की खंडेराव मार्केटमध्ये अर्धा किलो मागणाऱ्याकडे भाजीवाली कीव येऊन बघते. त्यामुळे वासी उत्तरायणाच्या दुपारी, म्हणजे १५ जानेवारीला, फतेगंजातल्या तिच्या स्वयंपाकघरात गाजरांचा ढीग तसाच पडून होता. हलवा करून झाला होता, लोणचंही घालून झालं होतं. ताई म्हणाली, केक करू. माझी लेक पतंगांसाठी पुण्याहून आली होती. तिकडे ती नोकरी सांभाळून ऑर्डरचे केक करते. तिनं विचारलं, "आत्या, अंडी आहेत ना?"

"नाहीत. आणि लागणारही नाहीत."

पुढे जे झालं त्याला चर्चा म्हणणं म्हणजे दोघींचा अपमान आहे. गाजरं किसायचं काम माझ्याकडे होतं. मांज्यानं कापलेल्या बोटाला पट्टी गुंडाळून मी किसत होतो आणि माझं मत कोणी विचारत नव्हतं. ते इथे मधे मधे घालून घेतो.

ताईबद्दल आधी सांगायला हवं. आमचं घराणं गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आलं आणि इथलंच झालं; मी नोकरीपायी पुण्याला गेलो, ताई राहिली. ती इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात होम सायन्स शिकली. विद्यापीठ १९४९ चं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू, आणि होम सायन्स ही त्यांच्याच काळात उभी राहिलेली फॅकल्टी. आता तिचं नाव बदललंय, पण ताईच्या तोंडी अजून जुनंच. पुढे शाळेत तिनं हाच विषय शिकवला. तिच्याकडे वजनकाटा आहे, मोजायचे चमचे आहेत, ओव्हन मात्र नाही. हांडव्याचा कुकर आहे: तळाला रेती भरायची थाळी, तिच्यावर जाड अॅल्युमिनिअमचं भांडं, वर झाकण. बडोद्यात हा कुकर नसलेलं गुजराती घर मिळणं कठीण आणि बरीच मराठी घरंही त्यात आली.

लेक : आत्या, बिनअंड्याचा केक म्हणजे गोड ढोकळा. चव वाईट असते असं नाही म्हणत मी. पण सुरी लावली की भुगा, आणि दुसऱ्या दिवशी दगड.

ताई : भुगा कशानं होतो?

लेक : धरून ठेवणारं काही नसतं म्हणून. अंड्यातलं प्रथिन तापलं की घट्ट होतं, साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान. तोच केकचा सांगाडा. पिवळ्यात लेसिथिन असतं, त्यानं तेल आणि पाणी एकत्र नांदतात. शिवाय फेटलं की हवा धरून ठेवतं. एकटं अंडं एवढी कामं करतं आणि तू म्हणतेस लागणार नाही!

ताई : या केकला लागणार नाही, म्हटलं. स्पंज करायचा असता तर मीच तुला नाक्यावर पिटाळलं असतं. फतेगंजात अंड्यांना काय तोटा?

तोटा खरंच नाही. फतेगंज ही मूळची इंग्रजांची छावणी. जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात. १८२५ मध्ये बिशप हेबर बडोद्याला आले होते, तेव्हा इथल्या छावणीच्या चर्चचा अर्पणविधी त्यांच्या हातून झाला. केक या भागात पहिल्यांदा कुणी भाजला याची नोंद कोण ठेवणार, पण ज्या वस्तीत दोनशे वर्षं नाताळ होतोय तिथे तो बाहेरचा पाहुणा नाही. आज वसतिगृहांतली मुलं, ख्रिस्ती कुटुंबं, मराठी, गुजराती, मल्याळी सगळे एकाच रस्त्यावर आहेत, आणि संध्याकाळी आमलेटच्या गाड्यांवर उभं राहायला जागा मिळत नाही. गुजरात म्हणजे शुद्ध शाकाहार, असं समजून आलेला माणूस इथे पहिल्याच संध्याकाळी गोंधळतो. जवळच ईएमईच्या लष्करी आवारात दक्षिणामूर्तीचं देऊळ आहे, १९६६ चं, बाहेरून सगळं अॅल्युमिनिअमच्या पत्र्यानं मढवलेलं आणि ब्रिगेडियर ए. एफ. यूजीन या ख्रिस्ती अधिकाऱ्यानं उभारलेलं. अॅल्युमिनिअमचं देऊळ चालतं त्या मुलखात अॅल्युमिनिअमच्या कुकरातला केक का चालू नये, असं मी म्हणालो. दोघींपैकी एकीनंही वर बघितलं नाही.

लेक : स्पंजला लागतं आणि याला लागत नाही, हे कसं काय?

ताई : खऱ्या स्पंजमध्ये सोडा नसतो. तो फुगतो तो नुसत्या फेटलेल्या अंड्यावर, म्हणून तिथे अंडं काढलंस तर उरतं काय? पीठ आणि साखर. गाजराच्या केकचं तसं नाही. त्यात भरपूर तेल, ओला कीस, वर अक्रोड. एवढं जड सामान अंड्याच्या फेसावर तरंगत नाही, म्हणून अंडं घालणारेही त्यात सोडा आणि बेकिंग पावडर घालतात. घालतेस की नाही तू?

लेक : घालते.

ताई : म्हणजे हवा धरायच्या कामातून अंडं सुटलं. राहिला ओलावा. अंड्याचं तीन चतुर्थांश वजन पाण्याचंच असतं, ते दही देईल, गाजर देईल. आणि धरून ठेवायचं म्हणशील तर गव्हाच्या पिठात चिकटपणा असतोच. तो आपण पोळीसाठी मुद्दाम वाढवतो, इथे बेतानं वाढू द्यायचा.

लेक : बेतानं वाढू द्यायचा म्हणजेच भुगा.

ताई : बेतानं म्हणजे मुळीच नाही असं नव्हे गं.

लेकीनं मग वेगळ्या बाजूनं धरलं. तिचं म्हणणं असं, की बिनअंड्याचा केक हा प्रकारच मुळात नाइलाजातून आला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखरेचं रेशन जानेवारी १९४० पासून लागू झालं, पुढच्या वर्षी अंड्यांचं. माणशी आठवड्याला एखादं अंडं, तेही मिळालं तर. गाजराला मात्र बंधन नव्हतं. सरकारच्या अन्न खात्यानं 'डॉक्टर कॅरट' नावाचं चित्र काढून गाजराची जाहिरात केली, आणि बायकांनी गोडीसाठी पुडिंगात, केकमध्ये गाजर किसून घातलं. अंड्याऐवजी व्हिनेगर आणि सोडा.

लेक : पण रेशन संपलं तशी अंडी परत आली की नाही? कुणी म्हटलं नाही, व्हिनेगरचाच बरा होता म्हणून. आज इंग्लंड-अमेरिकेत कॅरट केक मागव, अंड्याचाच येईल. नाइलाजाला परंपरा म्हणायचं नाही, आत्या.

मला हे पटलं. खरं सांगायचं तर बिनअंड्याच्या केकची आपल्याकडची बाजू नेहमी इथेच लंगडी पडते. आपण 'अंड्याऐवजी काय' असं विचारतो, म्हणजे आधीच कबूल करतो की काहीतरी गैरहजर आहे. मग दही, केळं, जवसाची भुकटी, व्हिनेगर, सगळे बदली कामगार म्हणून उभे राहतात आणि बदली कामगाराला जे मोल असतं तेच त्यांना मिळतं. ताई यावर काय म्हणते म्हणून मी किसणी खाली ठेवली.

ताई : तुझ्या आजीचं माहेर मालवणकडचं, हे ठाऊक आहे ना? धोंडस खाल्लंयस तू तिच्या हातचं?

लेक : काकडीचं? खाल्लंय. लहान होते.

ताई : काकडी म्हणजे साधी नव्हे. पावसाळ्यात वेलावर लांबलचक तवसं धरतं, ते किसायचं. त्याच्या पाण्यात रवा भिजवायचा. गूळ, ओलं खोबरं, वेलची. जाड बुडाच्या भांड्यात ओतून खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. खालून-वरून भाजलं जातं. गोव्यात तेच तवसळी. आता सांग, त्यात अंडं कुठे गैरहजर आहे?

लेक : त्यात कधी नव्हतंच.

ताई : आणि इथलं हांडवं घे. डाळ-तांदळाचं आंबवलेलं पीठ, आंबट दही, किसलेला दुधी, शेवटी चिमूट सोडा. तेलात मोहरी-तीळ तडतडवून ओतायचं आणि झाकून भाजायचं. दही, सोडा, किसलेली भाजी, तेल, खालून-वरून धग. गोड केलंस आणि दुधीच्या जागी गाजर घातलंस की काय होईल?

लेक : आत्या, हांडवं तांदळाचं. त्यात आंबवण आहे. त्याला केक म्हणणं ओढून-ताणून आहे.

ताई : मी त्याला केक म्हणतच नाही. मी म्हणते, भाजी किसून, दह्या-सोड्यावर फुगवून, धगीत भाजून कापण्याजोगी वडी करायची हे आपल्या बायकांना रेशनशिवाय येत होतं. कुणाचा नाइलाज नव्हता.

हा मुद्दा मला नवा होता आणि अजूनही मला तो या सगळ्या भांडणातला सर्वांत वजनदार वाटतो. पाककृतींच्या पुस्तकांत बिनअंड्याचे केक 'केक' या प्रकरणाच्या शेवटी, उपास आणि पथ्याच्या शेजारी बसवलेले असतात. त्यांची खरी जागा धोंडस आणि हांडव्याच्या पंगतीत आहे. तिथे बसवलं की त्यांच्याकडून अपेक्षा बदलते. हांडवं हलकं नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही. ते ओलसर आहे का, कड खरपूस आहे का, भाजीची गोडी लागते का, एवढंच बघतात. लेकीनं मात्र मान डोलावली ती अर्धीच. तिच्या मते यानं केकला सूट मिळते. जड झाला की 'हांडव्याचा भाऊ' म्हणून सोडून द्यायचा.

कंडेन्स्ड मिल्कवरून थोडं झालं. लेक म्हणाली, बिनअंड्याचाच करायचा तर डबा आणू. अमूलचं आणंद इथून चाळीस किलोमीटर, बडोद्यात मिठाई मेट मिळणार नाही तर कुठे? भारतात घरोघरी बिनअंड्याचा केक पोचला तो या डब्यावर छापलेल्या कृतीनं, हेही तिचं खरं आहे. ताईनं एका वाक्यात निकाल लावला: डब्यातलं निम्म्याच्या आसपास वजन साखरेचं असतं, मग गाजराची गोडी शोधायची कुठे? मैद्याच्या साध्या केकला तो डबा शोभतो, याला नाही.

मग वजनं झाली. सात इंची भांड्यासाठी ताईचं माप असं: १२० ग्रॅम मैदा आणि ६० ग्रॅम कणीक, १५० ग्रॅम साखर, पाऊण कप, म्हणजे १८० ग्रॅम, किंचित आंबट दही, १०० मिलिलिटर बिनवासाचं तेल, २०० ग्रॅम गाजराचा कीस. छोटा चमचा बेकिंग पावडर, त्याच्या निम्मा खायचा सोडा, चमचाभर दालचिनीची पूड, जायफळ चार वेळा किसणीवर फिरवून, चिमूट मीठ, मूठभर अक्रोड. दूध हाताशी ठेवायचं, लागलंच तर दोन चमचे. लेकीला सगळी कणीक हवी होती, आरोग्यासाठी. ताई म्हणाली, कणकेतला कोंडा पाणी पितो, सगळी कणीक घेतलीस तर दही वाढवावं लागेल आणि दही वाढलं की आतून गिच्च राहील. तिसरा हिस्सा कणीक पुरे, तेवढ्यानं खमंगपणा येतो.

लोण्याचा विषय लेकीनं स्वतःच सोडला. लोण्यात सोळा-अठरा टक्के पाणी आणि गार झालं की ते घट्ट. तेल गार झालं तरी पातळच राहतं, म्हणून तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ. इथे दोघींचं एकमत झालं आणि मला जरा चुकल्यासारखं वाटलं.

गाजरावर पुन्हा पेटलं.

लेक : हे लाल गाजर केकला चालत नाही. केशरी हवं. कॅरट केक कधी लाल बघितलायस?

ताई : केशरी तुमच्याकडे बारा महिने मिळतं म्हणून. लाल देशी गाजर थंडीतच येतं, रसाळ असतं, गोडही जास्त. त्याचा लाल रंग लायकोपिनचा, टोमॅटोत असतं तेच. केशरीचा रंग बीटा कॅरोटिनचा. भाजल्यावर दोन्ही टिकतात. काळं गाजर मात्र नको, त्याचा जांभळा रंग सोड्याशी लागला की हिरवा-निळा पडतो.

लेक : रसाळ आहे तर पिळून घे मग. एवढं पाणी पिठात गेलं तर मध्ये खळगा पडेल.

ताई : पिळायचं नाही. त्या पाण्यातच गोडी आहे. त्याऐवजी दूध घालू नकोस, झालं. आणि जून गाजराचा मधला पिवळा दांडा काढ, तो शिजत नाही.

दांडा काढायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. बारीक किसणी की जाड, यावरही त्यांनी मला दोन परस्परविरोधी हुकूम दिले. मी मधली भोकं वापरली. केकमध्ये जाड कीस कच्चट लागतो आणि अगदी बारीक कीस पाण्यासारखा होतो, म्हणून मधलीच बरी, हे माझं मत आहे आणि त्या दिवशी ते सिद्धही झालं.

एका ठिकाणी मात्र लेक जिंकली आणि ताईनं ते मानलं. ताईची जुनी पद्धत अशी की दह्यात साखर घोळायची, त्यात सोडा घालून पाच मिनिटं ठेवायचं. दही फसफसून वर येतं, बघायला फार छान दिसतं.

लेक : ते छान दिसतंय तोच तुझा केक उडून चाललाय. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड लगेच निघतो. तू पाच मिनिटं त्याला वाडग्यात नाचवतेस, मग पिठात मिसळताना उरलेला हाकलतेस. सोडा पिठाबरोबर चाळून घे. ओलं आणि कोरडं शेवटी एकत्र कर आणि लगेच भांडं आचेवर ठेव. बेकिंग पावडर घालतोय ती त्यासाठीच, तिचा काही जोर उष्णता लागल्यावर सुटतो.

ताई : होम सायन्समध्ये आम्हाला पण असंच सांगितलं होतं. फेस बघायची हौस, दुसरं काय.

लेक : आणि सोडा अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त नको. एवढं दही तेवढाच मारू शकतं. उरलेला सोडा साबणासारखा लागतो.

अंड्याच्या केकमध्ये जास्त ढवळलं तर थोडं खपून जातं, बिनअंड्याच्या केकमध्ये खपत नाही. ओलं-कोरडं एकत्र आल्यावर सपाट चमच्यानं तळापासून वर आणत वळवायचं, कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. गुठळी दिसली तरी फोडत बसायचं नाही. ताई हे करताना गप्प होती. लेकही.

कुकरची रेती आधीच मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून ठेवली होती. तेल लावून पीठ भुरभुरलेलं भांडं वर बसलं, आच मंद केली, झाकण लागलं. ओव्हन असता तर १७५ अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं; इथे पन्नास धरायची. तेवढ्या वेळात खरा वाद झाला. तो पिठाचा नव्हता.

लेक : एक विचारू? तुला अंडी चालतात. काल रात्री गच्चीवर आमलेट तूच खाल्लंस. मग घरात केक बिनअंड्याचाच का?

ताई : कारण केक एकटीनं खायचा नसतो. या जिन्यावर चार दारं आहेत. समोर वैष्णव, बाजूला स्वामिनारायणवाले, खाली जैन. अंड्याचा केला तर तो माझ्याच फ्रिजमध्ये राहील. आणि पोरं? समोरच्या पोराला वाढदिवसाला मी बशी नेऊन देते. त्याची आई विचारत नाही आत काय आहे. इतक्या वर्षांत तिनं कधी विचारलं नाही. ते न विचारणं मला मोडायचं नाही.

लेक : पण याला पण एक दुसरी बाजू आहे. पुण्यात सोसायटीत मला सांगतात, ऑर्डर बिनअंड्याचीच घे, म्हणजे सगळे खातील. 'सगळे' म्हणजे कोण? अंडी खाणाऱ्यानं बिनअंड्याचं खायचं, हे कायम ठरलेलंच. उलट कधीच होत नाही. पाकिटावर अंड्याच्या अंशाला मांसाहाराची तपकिरी खूण. अंडं परवडणारं, पोषक, शाळेत पोरांना द्यायचं म्हटलं की भांडणं. मला बिनअंड्याचा केक करायला आवडेल गं, पण तोच करा म्हटलं की हात आखडतो.

ताई : तुझ्यावर कुणी लादत असेल तर भांड. मीही भांडेन तुझ्या बाजूनं. पण मी शेजाऱ्याला बशी देते तेव्हा त्याला काय चालतं ते बघणं हे लादणं नाही.

लेक : दोन्हींतली रेघ फार बारीक आहे.

ताई : आहेच बारीक.

इथे मी काही घालणार नव्हतो. दोघींचं खरं आहे, असं म्हणून सुटून जाणं सोपं आहे, पण तसं मला वाटत नाही. ताई ज्या फतेगंजात राहते तिथे आमलेटची गाडी आणि वैष्णव शेजारी एका हाकेच्या अंतरावर आहेत, दोघांनाही गिऱ्हाईक आणि आदर मिळतो, म्हणून तिला औदार्य परवडतं. लेकीला ज्या सोसायटीत नियम वाचून दाखवतात तिथे ते परवडत नाही. माझा कौल, विचारलाच तर, लेकीच्या बाजूनं जातो. तिच्या केकची ऑर्डर मात्र मी देणार नाही, कारण ती मला सवलत देत नाही.

झाकण उघडलं. केक फुगला होता, कडा सुटल्या होत्या, सुरी मध्ये घालून कोरडी आली. पण वरून पांढुरका. गॅसवर खालून आच, वरून नाही. आजीच्या धोंडसाच्या झाकणावर निखारे असायचे ते कशासाठी, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. लेकीनं भांडं ताटलीत पालथं केलं. तळाची बाजू चांगली बदामी आली होती, तीच वर घेतली. तो गार होईपर्यंत तिनं कपड्यात टांगलेलं दही उतरवलं. चक्का निथळून घट्ट झाला होता, त्यात पिठीसाखर, थोडं लोणी आणि लिंबाची साल किसून फेटली. परदेशी क्रीम चीज लावतात तिथे चक्का, ही तिची स्वतःची युक्ती. श्रीखंडाच्या घराण्यातल्या आत्यानं त्यावर हरकत घ्यायचं कारण नव्हतं.

कापल्यावर भुगा झाला नाही. तुकडा दाट होता, ओला, कीस लालसर दिसत होता, दालचिनी मागून येत होती. लेकीनं अंगठ्यानं दाबून बघितला. दाबला तेवढा परत आला नाही. अंड्याचा असता तर आला असता, असं तिनं तोंडावर सांगितलं. ताई म्हणाली, हांडवंही येत नाही.

चार बशा भरल्या. समोर गेली, बाजूला गेली. तिसरी बशी खाली न्यायला लेक उठली आणि दारातच थांबली.

लेक : आत्या, खाली जैन ना?

ताई : हो. का?

लेक : गाजर जमिनीखालचं. कंदमूळ. ते खात नाहीत.

ताई काही क्षण तिच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, पदर तोंडाला लावून, बराच वेळ. अंडं काढायला दुपारभर भांडलो आणि ज्यांच्या नावानं काढलं त्यातल्या एकांना केक चालतच नव्हता. मी तिसरी बशी माझ्याकडे ओढली.

लेक : मग त्यांच्यासाठी काय?

ताई : दुधी आहे घरात. तेच माप. दालचिनीऐवजी वेलची घाल. अंधार पडायच्या आत द्यायला हवा, रात्री ते खात नाहीत. रेती गरमच आहे अजून.

लेक : दुधी पण न पिळता?

ताई : छे छे. दुधी म्हणजे नुसतं पाणी. घट्ट पिळायचा. पाणी टाकू नकोस, बाबाला दे, पिऊन टाकेल.